व्हिनेगरनं घासलेले दगड

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी रोझविटा आयझेलेला जांभळ्या प्रवाळाच्या बुडाशी पांढरा डाग दिसला. नखाएवढा. वाळू चिकटली असेल म्हणून तिनं चष्मा पुसला, मग टाकीची काच पुसली, मग पुन्हा चष्मा पुसला. डाग हलला नाही. गुरुवारपर्यंत तो दोन बोटं वर चढला आणि शनिवारी तर फांद्यांवरची कातडी सुटून पाण्यात लोंबायला लागली. टाकीतली बाकीची चार प्रवाळं आधीच गेली होती. ती लहानसहान होती, त्यांच्यासाठी तिनं उसासे टाकले आणि सोडून दिलं. पण हे जांभळं तिच्या नवऱ्याचं, गेबहार्डचं होतं. एकोणीस वर्षं त्यानं ते वाढवलं होतं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी तो घरी येणार होता.

ऑक्टोबरात गेबहार्डला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि जिभेवरचे शब्द गेले. उरले तीन: 'हो', 'नको' आणि 'च्यायला'. त्यातला शेवटचा अगदी ठणठणीत यायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिव्यांचा कप्पा मेंदूत वेगळा असतो, तो बरेचदा शाबूत राहतो. रोझविटाला त्याचं नवल वाटलं नाही. छत्तीस वर्षं कारखान्यात साचे घडवलेल्या माणसाच्या डोक्यात तो कप्पा मोठाच असणार.

डिसेंबरात चौथा शब्द आला. ती भेटायला गेली की तो विचारायचा, "प्रवाळ?" ती म्हणायची, "झकास आहे." मग तो मान हलवायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. जेवण नको, बोलण्याचा सराव नको, दांडी धरून उभं राहायचं तर मुळीच नको. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं एकदा रोझविटाला बाजूला घेतलं.

"फ्राऊ आयझेले, राग मानू नका. घरी जाऊन कशासाठी उठायचं हे ज्यांना ठाऊक असतं ना, ते चालायला लागतात. बाकीचे पडून राहतात."

हे बोलणं रोझविटाच्या मनात घर करून बसलं. गेबहार्ड कशासाठी उठेल ते तिला पक्कं माहीत होतं. ते टाकीत होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत मरत होतं.

आता स्वच्छतेच्या बाबतीत दक्षिण जर्मनीतल्या एस्लिंगनच्या बायकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. इमारतीत झाडलोटीची पाटी ज्याच्या दारावर लटकते, त्यानं त्या आठवड्यात जिना, तळघर आणि दारापुढची फरशी पुसायची. घाण असो वा नसो. पुसली नाही तर कुणी भांडत नाही, नुसतं बघतात, आणि ते बघणं भांडणापेक्षा वाईट. रोझविटानं एकेचाळीस वर्षं आपल्या पाळीला कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती. अशा बाईच्या बैठकीच्या खोलीत गेबहार्डची पाचशे लिटरची टाकी उभी होती. मागची काच त्यानं कधी घासू दिली नाही. दगडांवर जांभळट खपल्या, स्पंजाचे बुळबुळीत गोळे, भोकाभोकांतून डोकावणारे किडे. "पुढची काच तुझी," तो म्हणायचा, "मागचं सगळं माझं. हात लावलास तर बघ." ती हात लावायची नाही. पण पाहुणे आले की त्या बाजूला पाठ करून बसायची.

झटका आल्यावर तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडणं भागच होतं. नोव्हेंबरात तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. तिथं एवढी मोठी टाकी मावणार नव्हती, म्हणून निम्म्याहून लहान नवी टाकी घ्यायचं ठरलं. मत्स्यालय क्लबचे अध्यक्ष ओटमार हेगेले बादल्या घेऊन हजर झाले. निवृत्त पोस्टमन, पोटानं गोल, जिभेनं फटकळ. त्यांनी प्रवाळं आणि दोन्ही मासे तात्पुरते आपल्या घरी न्यायला घेतले.

"दगडही द्या," ते म्हणाले.

"दगडांचं मी बघते, हेर हेगेले."

"जड आहेत. मी नेतो की."

"नको म्हटलं ना. मी बघते."

असले दगड दुसऱ्याच्या घरात पाठवायचे? हेगेलेबाई काय म्हणतील, आयझेलेंकडे एकोणीस वर्षं ही घाण होती? ओटमारना वाटलं, बाई दगड खाऱ्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतील. क्लबमधल्या शेंबड्या पोरालाही कळणारी गोष्ट, म्हणून त्यांनी विचारलं नाही. आणि तिला विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

तळघरातल्या धुण्याच्या खोलीत ती दोन दिवस दगड घासत होती. कडकडीत पाणी, व्हिनेगरचा अर्क आणि ताठ ब्रश. व्हिनेगर पडला की दगड फसफसायचे, तेव्हा तिला बरं वाटायचं, मळ सुटतोय म्हणून. भोकं तिनं विणायच्या सुईनं कोरून काढली. त्यातून लांबच लांब किडे निघाले, बारीक पायांचे तारे निघाले. ते सगळं तिनं नाक मुरडून मोरीत ओतलं. शेवटी सत्तावीस दगड टॉवेलांवर ओळीनं वाळत पडले, पांढरेशुभ्र. तिचे हात सोलवटले होते, पाठ मोडून आली होती, आणि ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण गेबहार्डसाठी काहीतरी केलं.

तिला हसू नये. दवाखान्यात तिला करण्यासारखं काही नव्हतं. तिथं सगळं दुसऱ्यांच्या हातात, आणि ही नुसती कोट मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. घासणं तिला येत होतं. जे येत होतं ते तिनं केलं.

नवी टाकी लागली तेव्हा दुकानातल्या शोभेच्या खिडकीसारखी दिसत होती. पांढरी वाळू, पांढरे दगड, पाणी असं नितळ की आहे की नाही ते कळू नये. ओटमारनी लिहून दिल्याप्रमाणे ती रोज तपासणीच्या बाटल्यांत थेंब टाकायची आणि आकडे फोनवर सांगायची. चार आठवड्यांनी ओटमार म्हणाले, "आकडे सोन्यासारखे आहेत. सगळंच नवं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. पण दगड जुनेच आहेत म्हटल्यावर हरकत नाही." नाताळच्या चार दिवस आधी त्यांनी मासे आणून सोडले आणि प्रवाळं लावली. घाईत होते, बायकोला दुकानात नेऊन सोडायचं होतं. दिव्याच्या निळ्या उजेडात सगळंच निळं दिसतं, त्यामुळे दगडांचा रंग त्यांच्या ध्यानात आला नाही.

आणि आता हे असं.

शनिवारी दुपारी रोझविटानं फोन केला. अर्ध्या तासात ओटमार आले, बूट दाराशी काढले आणि टाकीसमोर गुडघे टेकून बसले. मग त्यांनी आपल्या पेटीतून बाटल्या काढल्या.

"खारेपणा बरोबर. उष्णता बरोबर. चुना..." त्यांनी मागचे आकडे बघितले. "हा का असा उड्या मारतोय? नायट्रेट..." बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "शून्य. फॉस्फेटही शून्य. फ्राऊ आयझेले, या पाण्यात काहीच नाही."

"म्हणजे स्वच्छ आहे."

"म्हणजे उपाशी आहे."

त्यांनी बाही वर केली, कोपऱ्यातला एक दगड उचलून बाहेर काढला आणि नाकाशी नेला. पुन्हा हुंगला. उलटा करून हुंगला.

"जुन्या दगडाला समुद्राचा वास येतो. ओहोटीच्या चिखलाचा. हा तर कपबशीसारखा आहे. काय केलंय याला?"

"घासले मी ते."

"घासले?"

"व्हिनेगरनं. वरवर नाही हो, नीट घासले. प्रत्येक भोक कोरून काढलं."

ओटमार तिथंच जमिनीवर बसले. "अगं, काय केलंस हे तू!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. एकतीस वर्षांच्या ओळखीत ते तिला कधी 'तू' म्हणाले नव्हते. दोघंही दचकले. "माफ करा," ते पुटपुटले आणि दगड हातात घेऊन बघत राहिले.

तिनं त्यांना कॉफी दिली. एस्लिंगनकडच्या स्वाबी घरात माणूस मेला तरी आधी कॉफी होते. कपात साखर ढवळता ढवळता ओटमारना कंठ फुटला.

"हे बघा. पाणी एका दिवसात तयार होतं. मीठ टाकलं, ढवळलं, झालं. टाकी तशी तयार होत नाही. त्या दगडांमध्ये राहणारे होते, एकोणीस वर्षांचे भाडेकरू. कुणी माशांची घाण खायचं, कुणी त्या खाणाऱ्यांची घाण खायचं, कुणी नुसतं जागा अडवून बसायचं. जागा अडवून बसणं हेही कामच असतं, बरं का. आता मला सांगा, घर रिकामं पडलं तर आधी कोण घुसतं? चांगली माणसं?"

"नाही."

"गुंड घुसतात. हा तपकिरी साका तुम्ही रोज पुसता ना? ते हेच. ते दमले की हिरवे केसाळ येतील. त्यांच्यानंतर आणखी कुणी. मारामाऱ्या होतील, एकमेकांना खातील, मग हळूहळू एकेक सभ्य बिऱ्हाड येईल आणि इमारत मार्गी लागेल. वर्ष जातं त्यात, कधी दीड. चिवट प्रवाळं तेवढ्यातही तग धरतात. पण हे जांभळं नाजूक. त्याला जे काल होतं तेच आज हवं असतं. तेवढंच अन्न, तेवढाच चुना, तेवढाच उजेड. नव्या टाकीत रोज नवी भानगड, ती त्याला सोसत नाही."

"पण आकडे तर बरोबर होते. तुम्हीच म्हणालात."

"आकडे काय, आपण विचारू तेवढंच सांगतात."

रोझविटानं हात मांडीवर घट्ट धरले होते. "म्हणजे मी मारलं का ते?"

दुसरा कुणी असता तर 'नाही हो' म्हणाला असता. ओटमारना खोटं बोलता यायचं नाही, हीच त्यांची खोड होती. "हो," ते म्हणाले. मग घाईघाईनं म्हणाले, "पण मी विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं सही घेतल्याशिवाय कुणाला पार्सल दिलं नाही, आणि इथं गाढवासारखं न विचारता प्रवाळ लावून मोकळा झालो. निम्मं पाप माझं."

"निम्मं घेऊन तुम्ही काय करणार," रोझविटा म्हणाली आणि रडायला लागली. ओटमारनी खिशातून रुमाल काढला, तो मिठानं कडक झालेला होता, म्हणून परत आत ठेवला.

जाताना त्यांनी बजावलं: दगडांना ब्रश लावायचा नाही, साका पुसायचा नाही, पुढची काच तेवढी आठवड्यातून एकदा. माशांना थोडं जास्त खायला द्यायचं. आपल्या जुन्या टाकीतला एक ओबडधोबड, किडे भरलेला दगड आणून त्यांनी मागे ठेवून दिला. "पहिले भाडेकरू," म्हणाले. जांभळ्याचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. बुधवारी ते पूर्ण पांढरं झालं.

रविवारी ती गेबहार्डकडे गेली तेव्हा त्याला खरं सांगायचं ठरवूनच गेली होती. तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता. समोर जेवणाचं ताट तसंच होतं.

"प्रवाळ?"

तिनं तोंड उघडलं. त्याच्या हनुवटीवर दाढीचे पांढरे खुंट होते, उजवीकडचा ओठ लोंबत होता आणि डोळे मात्र पूर्वीचेच होते. तिच्या तोंडून निघालं, "वाढलंय. डावीकडे नवीन फांदी फुटली."

गेबहार्ड हसला. अर्धाच चेहरा हसला, पण हसला. आणि त्या दुपारी व्यायामाची मुलगी आली तेव्हा त्यानं 'नको' म्हटलं नाही. दांडी धरून तो उभा राहिला, एक मिनिट आणि दहा सेकंद. मुलीनं टाळ्या वाजवल्या. रोझविटा मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. खोटं बोलून लाज वाटावी तर ते खोटं औषधासारखं लागू पडलेलं.

त्यानंतर दर रविवारी ती तेच सांगत राहिली, आणि गेबहार्ड यायला चार दिवस उरले तेव्हा तिनं ओटमारांचं घर गाठलं. दुसरा मजला, लिफ्ट नाही. आत भिंतभर टाकी, आणि तिच्या मधोमध कोबीच्या गड्ड्याएवढं जांभळं प्रवाळ. अकरा वर्षांपूर्वी गेबहार्डनं आपल्या प्रवाळाची करंगळीएवढी फांदी तोडून ओटमारना दिली होती. क्लबमध्ये अजूनही त्याला 'आयझेलेंचं जांभळं' म्हणतात.

"मला एक कलम द्या," रोझविटा म्हणाली.

"जगणार नाही."

"माहीत आहे."

"दोन आठवडे काढेल. फार तर तीन."

"तो घरी येईल तेव्हा ते तिथं असलं पाहिजे. मग पुढचं पुढं."

"फ्राऊ आयझेले, क्लबचा नियम आहे. टाकीला वर्ष झाल्याशिवाय नाजूक प्रवाळाचं कलम कुणाला द्यायचं नाही. आणि तो नियम केला कुणी? तुमच्या नवऱ्यानं! सख्ख्या मेहुण्याला नाही म्हणाला होता तो."

"मेहुणा म्हणजे माझा भाऊ. चार नाताळ आमच्याशी बोलला नाही. मला नियम नका सांगू."

ओटमार टाकीकडे वळले. त्यांचा जीव प्रवाळावर होता, आणि मित्रावरही होता. स्वयंपाकघरातून हेगेलेबाईंचा आवाज आला, "ओटमार, कोबी मोठा झालाय तुझा. दे तिला." ओटमार कात्री शोधायला लागले.

गेबहार्ड आला त्या दिवशी ऊन पडलं होतं. रुग्णवाहिकेच्या दोघांनी त्याला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं, सही घेतली आणि ते गेले. रोझविटानं मसुराची उसळ आणि हातानं पाडलेल्या श्पेत्सले शेवया केल्या होत्या. घरभर त्यांचा वास होता. तिनं खुर्ची ढकलत टाकीसमोर नेली आणि दिवा लावला.

दगड आता तपकिरी झाले होते, काचेच्या कडांना हिरवी लव आली होती. मधल्या दगडावर आदल्या दिवशी ओटमारनी चिकटवलेली जांभळी फांदी होती. गेबहार्डचा चेहरा उजळला. तो पुढे वाकला. रोझविटाला वाटलं, झालं, सुटलो.

मग त्यानं डोळे बारीक केले. साचे घडवणाऱ्या माणसाची नजर ती, केसाएवढा फरक तिला चुकत नाही. त्यानं डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं, बरोबर फांदीच्या बुडाशी, जिथं राखाडी डिंक दिसत होता. बोट दगडावर सरकलं. एक दगड, दुसरा, तिसरा. कोपऱ्यातला एकच दगड तेवढा जिवंत, तो त्याच्या ओळखीचा नव्हता. त्यानं मान वळवली.

"प्रवाळ?" त्यानं विचारलं.

आता मात्र तिला खोटं बोलवेना.

"ते मेलं, गेबहार्ड. जानेवारीतच मेलं. तुझे दगड मी घासून काढले, व्हिनेगर लावून, सगळे. मला वाटलं, तू येणार तर सगळं स्वच्छ असावं. त्यात जे होतं ते सगळं मी मोरीत ओतलं. ही फांदी ओटमारची आहे. मी तुला दर रविवारी फसवत होते."

गेबहार्ड तिच्याकडे बघत राहिला. "च्यायला," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. मग डाव्या हातानं एकच चाक ढकलत, अडखळत, त्यानं खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही जेमतेम चार घास. व्यायाम करवून घ्यायला घरी आलेल्या बाईंना "नको" म्हणून त्यानं परत पाठवलं. रोझविटा भांडी विसळत उभी राही आणि तिच्या मनात एकच विचार फिरत राही, की या माणसाला उठायला एक कारण उरलं होतं आणि ते आपण आपल्या हातांनी घासून टाकलं. त्यानं शिव्यांची लाखोली वाहिली असती तर तिला बरं वाटलं असतं. पण शिवी एकच उरली होती, आणि ती तो देऊन बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ब्रेड घेऊन परतली तर गेबहार्डची खुर्ची टाकीसमोर होती. दिवा त्यानंच लावला होता. गाल काचेला लावून तो मागच्या कोपऱ्यात बघत होता. ती जवळ गेली तेव्हा त्यानं तिची बाही ओढली आणि बोट दाखवलं. ओटमारनी दिलेल्या दगडाशेजारच्या, तिनं घासलेल्या दगडावर टाचणीच्या टोकाएवढा जांभळट ठिपका होता. आणि काचेवर काहीतरी पांढरं, डोळ्याला जेमतेम दिसणारं, तुरुतुरु पळत होतं. पूर्वी तिनं त्यावर फडकं मारलं असतं.

"हे चांगलं आहे का?" तिनं विचारलं.

"हो."

मग त्यानं मधल्या फांदीकडे बोट नेलं. तिच्या बुडाशी दोऱ्याएवढी पांढरी रेघ उमटली होती. गेबहार्डच्या ओठांची झटापट सुरू झाली. "ओ... ओट..."

"ओटमार? बोलावू?"

"हो. हो."

ओटमार शिव्या खायच्या तयारीनंच आले. नियम मोडला होता, तोही नियम करणाऱ्याच्याच घरात. "हे बघ, मला माहीत आहे तू काय म्हणणार," दारातूनच त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे, म्हणता आलं असतं तर. पण तुझी बायको कशी मागते ते तुला ठाऊक आहे, आणि माझी बायको..."

गेबहार्डनं हात वर करून त्यांना गप्प केलं. त्यानं बादलीकडे बोट दाखवलं, मग टाकीकडे. ओटमारनी बादलीत टाकीतलं पाणी घेतलं आणि ती त्याच्या पायाशी ठेवली. गेबहार्डनं डावा हात रोझविटापुढे केला. तिनं बाही कोपराच्या वर दुमडून दिली.

त्यानं हात टाकीच्या पाण्यात घातला. डाव्या हाताला सवय नव्हती. बोटं फांदीपाशी पोचली, सटकली, पुन्हा पोचली. पाणी सांडून जमिनीवर ओघळलं. ओटमार मदतीला पुढे झाले.

"नको!"

बऱ्याच वेळानं डिंक सुटला. गेबहार्डनं फांदी दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि बादलीत सोडली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. ओटमारकडे बघत त्यानं तोंड उघडलं. शब्द येईना. त्यानं तोंड मिटलं, गिळलं, परत उघडलं.

"व... वर्ष."

"वर्षभर माझ्याकडे ठेवू?"

"हो."

"टाकी पिकेपर्यंत?"

"हो." पण त्याचं अजून संपलं नव्हतं. त्यानं ओल्या हातानं स्वतःच्या छातीवर थाप मारली. शर्टावर पंजाचा ओला ठसा उमटला. "मी," तो म्हणाला.

ओटमारना कळलं नाही. रोझविटाला कळलं. "तो स्वतः न्यायला येणार म्हणतोय," ती म्हणाली. ऑक्टोबरपासून या माणसानं उद्याचंही काही मागितलं नव्हतं, आणि आता तो पुढच्या फेब्रुवारीबद्दल बोलत होता.

"तू येणार?" ओटमारनी आपल्या फटकळ आवाजात विचारलं. "बाबा रे, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. बेचाळीस पायऱ्या आहेत, विसरलास?"

गेबहार्डनं जरा वेळ विचार केला.

"च्यायला," तो म्हणाला. मग त्यानं आपला लुळा उजवा पाय डाव्या हातानं धरला, खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून उचलून जमिनीवर ठेवला आणि बूट कुठे आहेत म्हणून इकडंतिकडं बघायला लागला.